ओरिजिनल मंचुरियन

खरं काय आणि खोटं काय, हा प्रश्न आपल्याकडच्या मोठमोठ्या आचार्यांनी फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे, असं ऐकून आहे. पण आचार्यांना काउंटरवर बसावं लागत नव्हतं. बँकेतल्या माणसाला हा प्रश्न दिवसातून शेकडो वेळा सोडवावा लागतो, आणि तोही रांगेतून कुणीतरी 'काय साहेब, झोप लागली का?' असं विचारत असताना. बी.कॉम.च्या तीन वर्षांत नोटेबद्दल आम्हाला जे शिकवलं त्याचा अर्थ एवढाच, की नोट हा कागद असतो. तिला किंमत असते, कारण ती समोरचा घेतो. आणि समोरचा घेतो, कारण आपल्याकडून ती आणखी कुणीतरी घेईल अशी त्याची खात्री असते. (हे ज्या दिवशी नीट समजलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. वडिलांची सगळी शिल्लक याच कागदात होती.)

खोटी नोट सापडली की मात्र तत्त्वज्ञान संपतं आणि स्टेशनरी सुरू होते. शिक्का मारायचा, नोट ठेवून घ्यायची, पावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत सापडल्या तर महिनाअखेरच्या तक्त्यातून पोलिसांना कळवायचं, पाच किंवा जास्त सापडल्या तर लगेच फिर्याद. चौथ्या आणि पाचव्या नोटेच्या मध्ये पापाची जात कशी काय बदलते, ते रिझर्व्ह बँकच जाणे.

हे सगळं सांगायचं कारण मंचुरियन.

आमच्या भागात संध्याकाळ झाली हे सूर्यावरून कळत नाही, कढईवरून कळतं. निगडी, आकुर्डी, चिंचवड स्टेशन, भोसरी, मोशी असं करत थेट चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत, पहिली पाळी घरी आणि दुसरी पाळी मशीनवर गेली की रस्त्याच्या कडेला एकामागून एक लाल गाड्या उभ्या राहतात. लाल गाडी, लाल पडदा, लाल सॉस. पाटीवर ड्रॅगन. हा ड्रॅगन काढणारा पेंटर नवरात्रात देवीचा वाघही काढतो, त्यामुळे ड्रॅगनच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा सात्त्विक भाव असतो. खाली 'चायनीज' हा शब्द ब्रशच्या फटकाऱ्यांनी असा लिहिलेला, की वेलांटी शांघायहून मागवली असावी. 'मंचुरियन' हा शब्द तर मी आजवर नऊ प्रकारे लिहिलेला वाचला आहे. त्यातलं 'मनचूर्ण' लिहिणारा बहुधा कवी असावा.

या गाड्यांवर खाणारे कोण, हे एकदा उभं राहून पाहावं. कंत्राटी कामगार, आयटीआयची पोरं, खोलीवर स्वयंपाकाची सोय नसलेले चौघे-चौघे, आणि घरी 'आज उशीर होईल' असं सांगून आलेले आमच्यासारखे काही सद्गृहस्थ. हाफ राईस आणि त्यावर ग्रेव्ही. साठ-सत्तर रुपयांत बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटात काहीतरी गरम पडतं. माझ्या मते एवढ्यावर या खाद्यपदार्थाची चौकशी थांबायला हरकत नव्हती.

पण आमच्या घरात अकरावीतली एक कन्या आहे. तिने कोरियन मालिका पाहून पाहून आशिया खंडाबद्दल स्वतंत्र मतं बनवली आहेत. एकदा मी पार्सल आणलं तेव्हा ती डब्यात डोकावून म्हणाली, "बाबा, हे चायनीज नाहीच मुळी. चीनमध्ये कुणी मंचुरियन खात नाही. हे फेक आहे."

मुलगी खोटं बोलत नव्हती. चिकन मंचुरियन हा पदार्थ १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात जन्मला, असं सांगतात. तो करणारे नेल्सन वँग हे कोलकात्यात जन्मलेले, चिनी आईबापांचे चिरंजीव. गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं, म्हणून त्यांनी आलं-लसूण-मिरची घेतली, जी आपण कशातही घेतोच, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला. मांचुरियाचा या घटनेशी संबंध फक्त नावापुरता. पुढे वँगसाहेबांच्या चिकनची आमच्या गाडीवर कोबी झाली. म्हणजे मंचुरियन हे एका मुंबईकर पदार्थाचं शाकाहारी रूप. वेदान्ताच्या भाषेत बोलायचं तर दोरीवर सापाचा भास आणि त्या सापाला जैन पद्धतीने कांदा-लसूण वर्ज्य.

आता ही नोट खोटी म्हणायची का? मी घरी असा युक्तिवाद केला, की वेदान्तात सत्याचे तीन वर्ग आहेत. भास हा तिसरा वर्ग, पारमार्थिक सत्य हा पहिला, आणि मधल्या वर्गात सगळा संसार चालतो, त्याला व्यावहारिक सत्य म्हणतात. मंचुरियन हे व्यावहारिक सत्य आहे. ते मिळतं, खाता येतं आणि दुसऱ्या दिवशी त्याची जाणीवही राहते. "अहो, पण तिचं म्हणणं बरोबरच आहे ना?" सौ. म्हणाली. आमच्या घरात शंकराचार्यांना बहुमत मिळत नाही.

सौ.चं माहेर कणकवलीकडचं. तिकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालतात, ती चावली की जिभेला मुंग्या येतात. आणि गंमत अशी, की चीनच्या सिचुआन प्रांतातली जिभेला मुंग्या आणणारी प्रसिद्ध मिरी आणि हे आपलं तिरफळ, दोघं एकाच वनस्पतीकुळातले, अगदी सख्खे चुलत भाऊ. आमच्या गाडीवरच्या 'शेजवान' सॉसमध्ये ती मिरी औषधालाही नसते. त्या नात्याने पाहिलं तर आमच्या भागातलं त्यातल्या त्यात अस्सल शेजवान सासूबाई करतात, आणि त्यांना कुणी तसं म्हटलं तर त्या जेवायला वाढणार नाहीत.

तरी मी मुलीचं म्हणणं मोडीत काढत नाही. खऱ्या चवीचा आग्रह धरणारी माणसं सगळीच शिष्ट नसतात. रासबिहारी बोस यांचंच घ्या. इंग्रजांना चुकवून ते १९१५ साली जपानला गेले, तोक्योच्या नाकामुराया या बेकरीवाल्यांनी त्यांना लपवून ठेवलं आणि पुढे जावई करून घेतलं. त्या वेळी जपानात 'करी' खाल्ली जात होतीच. पण ती इंग्रजांच्या हातून तिकडे पोचलेली, पिठाने दाट केलेली. आमच्याकडची करी ही अशी नव्हे, हे बोस यांना सहन होईना. १९२७ साली नाकामुरायाच्या उपाहारगृहात त्यांनी भारतीय पद्धतीची करी सुरू करून दिली, ती आजही तिथे मिळते. आणि जपानी लोक आपली ती दाट करीही घरोघर आवडीने खातात. देश सुटलेल्या, परत येण्याची आशा नसलेल्या माणसाला आपल्या घरची चव जशीच्या तशी हवी असणं, याला शिष्टपणा म्हणायची माझी छाती नाही.

हे मला नीट कळलं ते आमच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला. कन्येच्या हट्टामुळे आम्ही एका कोरियन हॉटेलात गेलो. अशी हॉटेलं आपल्याकडे हौशी लोकांसाठी निघाली असतील असा माझा समज होता, पण हिशेब वेगळा आहे. रांजणगावात एलजी आहे, चाकणला जपान्यांचं ब्रिजस्टोन आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार २०२३ साली ह्युंदाईने केला. कारखान्यांमागून साहेब येतात, आणि साहेबांमागून त्यांचं लोणचं.

लोणचं म्हणजे किमची. जेवण मागवण्याआधीच सहा लहान वाट्या टेबलावर आल्या. या मोफत असतात आणि संपल्या की पुन्हा भरून मिळतात हे कळल्यावर माझं कोरियाविषयीचं मत एकदम उंचावलं. (ते बिल येईपर्यंत टिकलं. तिघांचे तीन हजार आठशे चाळीस.) शेजारच्या टेबलावर पन्नाशीचे एक कोरियन गृहस्थ एकटेच जेवत होते. अंगात कंपनीचं जाकीट, पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला फोन, फोनमध्ये एक म्हातारी बाई. दोघं फारसं बोलत नव्हते. ती तिकडे काहीतरी निवडत बसली होती आणि हे इकडे सूप पीत होते. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलून शेवटचा घोट घेतला आणि रिकामा वाडगा फोनला दाखवला. म्हातारी हसली. त्या माणसाला ओरिजिनलच पाहिजे होतं, आणि ते त्याला मिळायलाच हवं.

आम्हाला ओरिजिनल कशासाठी पाहिजे होतं? आमच्यापैकी कुणाचीही आई सेऊलला नव्हती. आम्हाला हवा होता दाखला. खाल्लं ते खरं होतं, याचा.

आणि दाखला आपण कशावरून देतो? वाढायला आलेल्या मुलाला कन्येने मोठ्या अदबीने कोरियन भाषेत 'धन्यवाद' म्हटलं. तो लाजून म्हणाला, "ताई, मी कालिंपाँगचा." मग, बरं वाटावं म्हणून, "पण मालक म्हणतात, तू शोभतोस." नोट उजेडात धरून आम्ही पाण्याची खूण पाहतो ना, तशी या मुलाच्या चेहऱ्यात गिऱ्हाईक खूण पाहतं. खूण दिसली की जेवण खरं!

चाकणच्या आमच्या शाखेजवळ जी गाडी लागते, तिचा मालक मराठवाड्यातला, कढईवरचा मुलगा नेपाळचा. मालकाला मी एकदा विचारलं, की बाबा रे, मंचुरियन इतकं लाल कशासाठी? तो म्हणाला, "काका, रंग कमी केला तर लोक म्हणतात हे ओरिजिनल नाही. आधीचा आचारी आमच्याच गावचा होता. त्याच्या हाताला चव जास्त, पण पब्लिक म्हणायचं, हा काय चायनीज करणार!"

हे उत्तर ऐकून मी बराच वेळ हाफ राईस हातात घेऊन उभा होतो. आमच्या बँकेत खोटी नोट छापणारा एक आणि फसणारा दुसरा, असा सरळ हिशेब असतो. इथे खरेपणाची हौस असलेलं गिऱ्हाईकच खोटेपणाची ऑर्डर देत होतं! मंचुरियनच्या नावात खोटं काही नाही. मांचुरियाहून आल्याचा दावा ते करतच नाही. खोटं आहे ते रंगात. २०२४ साली कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तपासलेल्या नमुन्यांत घातक कृत्रिम रंग निघाले होते. त्याच वर्षी गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनला मज्जाव केला. चीनला या कशाचीही कल्पना नसावी.

रंग पोटात जातो. चेहऱ्याचं काय होतं, ते २०२० साली पाहिलं. जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान गेले. देशभर संताप होता, तो मलाही होता. केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चिनी पदार्थ विकणारी हॉटेलं बंद करा, असं जाहीर आवाहन केलं. टाळेबंदीतून नुकती कुठे उठलेली आमची गाडी आठवडाभर लागलीच नाही. लागली तेव्हा ड्रॅगनवर पांढरा रंग होता आणि 'चायनीज'च्या जागी 'इंडियन फास्ट फूड' असं लिहिलेलं होतं. कोबी तीच, खेड-जुन्नरकडची. सॉसही तोच. कढईवरचा मुलगा मात्र टोपी कपाळापर्यंत ओढून, मास्क डोळ्यांपर्यंत चढवून उभा. दोन पोरांनी येऊन त्याला विचारलं होतं, "तू चीनचा का रे?" वर्षभर याच चेहऱ्यासाठी लोक त्याच्याकडे येत होते.

१९६२च्या युद्धानंतर याच हिशेबाने आसाम-बंगालमधल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. त्यातली कित्येक जण इथेच जन्मलेली होती. खूण पाहिली, कागद वाचला नाही. माझ्या हाताखालच्या क्लार्कने नोट अशी तपासली तर मी त्याला काउंटरवर बसू देणार नाही.

तो नेपाळी मुलगा गेल्या महिन्यात माझ्या काउंटरवर आला. भारत-नेपाळ रेमिटन्स योजनेत इथून रोख भरून घरी पैसे पाठवता येतात, एका वेळी पन्नास हजारांपर्यंत, वर्षातून बारा वेळा. त्याला अठरा हजार पाठवायचे होते. फॉर्म त्याने स्वतःच भरला होता. राष्ट्रीयत्व : नेपाळी. पत्ता : चाकण. व्यवसाय : चायनीज.

मी पेन उचललं आणि परत ठेवलं. 'व्यवसाय' या रकान्यात आजवर मी शेती वाचली आहे, नोकरी वाचली आहे, एका गृहस्थांनी 'मुलगी' असंही लिहिलं होतं. नोटा मशीनमधून काढल्या. अठराच्या अठरा हजार खरे निघाले.

"पुढे काय करणार?" मी विचारलं.

"दोन वर्षं अजून. मग गावी गाडी टाकणार, साहेब. नावपण ठरलंय."

"काय?"

"'पुना चायनीज'. तिकडे लोक पुण्याचं ओरिजिनल मागतात."