आवराआवर

आमच्या घरात दिवसाचा पहिला शब्द 'आवरा' हा असतो. सौभाग्यवती तो स्वयंपाकघरातून उच्चारते आणि त्यात अंघोळ, दाढी, देवपूजा, डबा आणि ८.१२ ची लोकल एवढं सगळं येतं. तोच शब्द चिरंजीवांच्या वाट्याला गेला, की 'टेबलावरचा पसारा उचल' असा त्याचा अर्थ होतो. पाहुण्यांपुढे मी बँकेतले किस्से सांगू लागलो, की ती नुसत्या डोळ्यांनी 'आवरा' म्हणते. तेव्हा आवरतं घ्यायचं!

पदर आवरायचा, घोडा आवरायचा, हसू आवरायचं, जेवणं झाली की ओटा आवरायचा. एकाच क्रियापदाच्या नावावर इतकी खाती! आणि जे आवरत नाही ते अनावर. उदाहरणार्थ, दुपारी अडीचची झोप.

मी पडलो वाणिज्य शाखेचा. तत्त्वज्ञानाशी आमचा व्यवहार नाही. पण परवा एक प्रश्न पडला : राग आवरणं हा सद्गुण, की नुसतं ढोंग?

झालं असं, की काउंटरवर एका वयस्कर गृहस्थांना मी म्हटलं, "सही जुळत नाही." त्यांनी चारचौघांत माझी अक्कल काढली. मी राग आवरला. "बसा ना काका, पाणी घेता?" असंही म्हणालो. साहेबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी घरी आलो आणि चिरंजीवांच्या हातून दुधाचा पेला कलंडला. पेलाभर दूध ते! पण मी त्या पोराला त्याच्या पहिलीपासूनच्या सगळ्या चुका ऐकवल्या. तो रडला नाही. मुकाट्याने फडकं घेऊन आला आणि फरशी पुसता पुसता म्हणाला, "बाबा, आवरतो मी."

रात्री झोप लागेना. पाहुणे येणार म्हटलं, की मी खुर्चीवरचे कपडे, वर्तमानपत्रं, इस्त्रीची वायर, सगळं कपाटात कोंबतो आणि गुडघ्याने दार लावतो. खोली आवरलेली दिसते. मग कुणीतरी निष्पाप माणूस कपाट उघडतो आणि सगळं त्याच्या अंगावर येतं. दुपारी मी राग आवरला नव्हता, कोंबला होता. आवरणं म्हणजे दडवणं नव्हे. वस्तू जिथली तिथे ठेवणं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव अंग आत ओढून घेतं, कापून टाकत नाही. वेळ आली की पाय काढून चालू लागतं. मोठी माणसं असंच आवरतात. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, माणसं मेली, तेव्हा गांधीजींनी ऐन भरातलं असहकाराचं आंदोलन आवरतं घेतलं. तुरुंगातले सहकारीसुद्धा नाराज झाले. पण गांधीजींनी तो प्रसंग कपाटात कोंबला नाही. त्यावर उघड लिहिलं आणि पाच दिवसांचा उपास स्वतःच्या नावे टाकला. मी माझा माल पोराच्या नावे टाकला होता.

सकाळी त्याला म्हटलं, "काल चुकलो रे. राग बँकेतला होता, तुझ्या खात्यावर पडला."

"बँकेत असं झालं की काय करता?"

"उलट नोंद."

"मग करा की," म्हणून तो शाळेचं दप्तर तसंच टाकून मांडीवर येऊन बसला. सहावीतला घोडा, पण बसला!

चार दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. काम झाल्यावर मी हळूच म्हटलं, "काका, त्या दिवशी तुमचं बोलणं लागलं हो." ते चपापले. चष्मा पुसत म्हणाले, "उन्हातून आलो होतो. हातही हल्ली थरथरतो. सही माझीच, पण मलाच ओळखू येत नाही."

राग आपल्या जागी गेला. कपाट मात्र अजून आवरायचंय.