काळोखीचा आकडा

एका रंगप्रारूपातील आकडे दुसऱ्या रंगप्रारूपात नेणे ही निव्वळ आकडेमोड आहे, एकराचे गुंठे करावेत त्यातलाच हा प्रकार, असे विधान संगणकविषयक लेखनात इतक्या सहजपणे केले जाते की त्यात तपासण्याजोगे काही असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. गणित म्हणून हे विधान बरोबरच आहे. खटकते ती त्याच्या भरवशावर पुढे केली जाणारी कामे. रूपांतराचा कोड दहा-पंधरा ओळींचा असतो, पायथॉनसारख्या भाषेत तो आयता मिळतो, आणि एकदा चालवला की हाती आलेला आकडा हाच वस्तूचा रंग, असे गृहीत धरून लोक मोकळे होतात. चित्र सजवायचे असेल तोवर याने फारसे बिघडत नाही, परंतु त्याच आकड्यावरून भाताच्या खाचरात युरिया टाकायचा की नाही हे ठरू लागले, तर त्या दहा-पंधरा ओळींच्या आधी काय घडले याची चौकशी करणे भाग पडते.

प्रारूपांची प्राथमिक ओळख येथे विस्ताराने करून देण्याचे कारण नाही. आरजीबी या प्रारूपात पडद्यावरील प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक 0 ते 255 यांच्या दरम्यान, आणि त्यांतून 1,67,77,216 रंग व्यक्त होतात. एचएसव्ही या प्रारूपात तेच तीन आकडे निराळ्या रीतीने मांडले जातात: रंगछटा ही वर्तुळावरील कोनाच्या रूपात, म्हणजे लाल 0 अंशावर, पिवळा 60 वर व हिरवा 120 वर, संपृक्तता, म्हणजे रंग किती गडद व किती पांढुरका, आणि उजळपणा. ही मांडणी अल्वी रे स्मिथ यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केली. संगणकावर चित्र रंगवणाऱ्याला लाल-हिरवा-निळा यांची मापे जुळवत बसण्यापेक्षा ‘हाच रंग, पण जरा फिका’ असे मागता यावे, आणि तेही त्या काळच्या यंत्रांवर झटपट, ही तिच्यामागची गरज होती.

या जन्मकथेत एक भेद दडलेला आहे आणि पुढील सारे विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे. रंगाची काही प्रारूपे रंग मागण्यासाठी असतात, काही रंग ओळखण्यासाठी. आरजीबी हा पडद्याला दिलेला हुकूम आहे. एचएसव्ही हा तोच हुकूम माणसाला सोयीच्या भाषेत. हुकूम देणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे ते ठाऊक असते, त्यामुळे त्याला प्रकाशाची, सावलीची किंवा कॅमेऱ्याची चिंता करावी लागत नाही. ओळखणाऱ्याची स्थिती उलटी असते. समोर एक पान आहे, त्याच्यावर कोणता तरी प्रकाश पडला आहे, मध्ये कॅमेरा आहे, आणि या सर्वांच्या मिश्रणातून पानाचा वाटा वेगळा काढायचा आहे. मागण्यासाठी घडवलेले साधन ओळखण्याच्या कामाला जुंपले की घोटाळा सुरू होतो, आणि सूत्र अचूक असल्यामुळे तो लवकर ध्यानातही येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे उदाहरण या बाबतीत पुष्कळ शिकवणारे आहे. विदर्भातील अकोल्याशी नावाचा घोळ सोडून द्यावा. हा तालुका सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहे, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड त्याच्याच हद्दीत येतात, प्रवरा तेथे रतनगडाच्या परिसरात उगम पावते, आणि घाटघर-रतनवाडीच्या धुवाधार पावसाकडून पूर्वेच्या ऊस-कांद्याच्या शिवाराकडे येता येता पाऊस झपाट्याने उतरतो. पश्चिमेकडील राजूर-भंडारदरा पट्ट्याचे मुख्य पीक भात. आवणी झाल्यानंतर नत्राचा पुढचा हप्ता केव्हा द्यायचा हे तेथील शेतकरी पिकाच्या रंगावरून ठरवतो: पीक पिवळे पडू लागले तर भूक आहे, काळोखी आली तर पोट भरले आहे. काळोखी म्हणजे नत्र मिळालेल्या पिकावर चढणारा दाट, काळपट हिरवेपणा. हा निर्णय चुकीच्या दोन्ही बाजूंनी महाग पडतो, कारण नत्र कमी पडले तर फुटवे कमी येतात आणि जास्त झाले तर पीक लोळते, करप्याला आणि तुडतुड्यांना बळी पडते.

याच निर्णयासाठी पानांच्या रंगाची पट्टी, म्हणजे लीफ कलर चार्ट, वापरात आली. मूळ कल्पना जपानची. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ती आशियातील शेतकऱ्यांसाठी सुटसुटीत केली. प्लास्टिकच्या या पट्टीवर पिवळसर हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत 4 किंवा 6 छटा असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर भाताच्या पानाच्या शिरांसारख्या बारीक रेघा उठवलेल्या असतात, म्हणजे प्रकाश दोहोंवरून सारखाच परतावा. वापरण्याची रीत काटेकोर आहे: शेतातील वेगवेगळ्या चुडांमधील 10 पाने निवडायची, प्रत्येक चुडातील सर्वांत वरचे पूर्ण उमललेले पान घ्यायचे, त्याचा मधला भाग पट्टीवर ठेवायचा, सूर्याकडे पाठ करून स्वतःच्या अंगाची सावली पानावर आणि पट्टीवर दोन्हींवर पाडायची, आणि दर खेपेला वेळ तीच ठेवायची, शक्यतो सकाळी 8 ते 10 ची. आवणीच्या भातात सामान्यतः 4 ही उंबरठ्याची छटा मानतात; 10 पैकी 6 किंवा अधिक पाने तिच्याहून फिकी निघाली तर हप्ता द्यायचा. या रीतीत कोठेही रंगाचे नाव नाही, आकडा नाही, रूपांतर नाही. आहे ती फक्त एकाच प्रकाशातील तुलना.

आता हेच काम मोबाइलच्या कॅमेऱ्याने करावे असा विचार कोणीही करील, आणि त्यासाठी सूत्रही तयार आहे. आर्कान्सा विद्यापीठातील कार्चर आणि रिचर्डसन यांनी 2003 मध्ये हिरवळीच्या गवतासाठी ‘गडद हिरवेपणाचा निर्देशांक’ मांडला, तो पुढे मक्यासारख्या पिकांनाही लावला गेला. रंगछटेतून 60 वजा करून 60 ने भागायचे, त्यात 1 वजा संपृक्तता आणि 1 वजा उजळपणा मिळवायचे, आणि बेरजेला 3 ने भागायचे. काळोखी ज्या तीन गोष्टींनी बनते त्या तिन्ही यात आल्या, आणि कल्पना म्हणून ती सुंदर आहे. समजा छायाचित्रात पानाच्या एका बिंदूचे आकडे लाल 96, हिरवा 140, निळा 52 असे आहेत. रंगछटा नेमकी 90 अंश येते, संपृक्तता 0.63, उजळपणा 0.55, आणि निर्देशांक 0.44. तेवढ्यात ढग आला, कॅमेऱ्याने तो भरून काढला नाही, आणि तिन्ही आकडे निम्मे झाले: 48, 70, 26. रंगछटा तीच 90, संपृक्तताही तीच, पण उजळपणा उतरल्यामुळे निर्देशांक 0.53 वर गेला. पिकाला नत्राचा एक कणही न मिळता कोडच्या हिशेबी त्याला काळोखी आली. उलट, कॅमेऱ्याने आभाळ निळसर आहे असा समज करून घेऊन लाल दहा टक्के वाढवला आणि निळा तितकाच उतरवला, तर 106, 140, 47 हे आकडे मिळतात, रंगछटा सुमारे 82 अंशांवर घसरते आणि निर्देशांक 0.38 वर, तेच पान आता उपाशी ठरते.

गुंठेवाल्यांचा प्रतिवाद येथे अपेक्षित आहे. ते म्हणतील, दोष कॅमेऱ्याचा, रूपांतराचा नाही. रूपांतर उलट फिरवता येते, म्हणजे त्यात काही हरवत नाही. यातील उत्तरार्ध आधी पाहावा. कागदावर ते उलट फिरते, यंत्रात पुरते फिरत नाही: ओपनसीव्ही या बहुवापर ग्रंथालयात 360 अंश एका बाइटमध्ये मावत नाहीत म्हणून रंगछटा 0 ते 179 अशी निम्म्यावर आणून साठवली जाते आणि परतीच्या वाटेवर काही रंग एकमेकांत मिसळतात. हा तोटा किरकोळ म्हणून सोडून देता येईल. मोठा घोटाळा करड्याचा आहे. लाल, हिरवा व निळा समान असले की रंगछटा नावाची गोष्टच उरत नाही. वर्तुळाच्या केंद्राला कोन नसतो. पण कोडला काही तरी परत करावेच लागते, आणि बहुतेक कोड 0 परत करतो, जो लाल रंगाचा कोन आहे. अकोल्याच्या पावसाळ्यात पान कोरडे सापडणे कठीण. थेंबांवरची चकाकी छायाचित्रात पांढरी उमटते. 100 बिंदूंपैकी 90 बिंदूंची रंगछटा 90 अंश आणि चकाकीच्या 10 बिंदूंची ‘काहीच नाही’, म्हणजे 0, असे असेल तर सरासरी 81 येते, आणि पाण्याच्या थेंबांनी पीक पिवळे पाडलेले असते. एकराचे गुंठे करताना ज्या शेताला क्षेत्रफळच नाही त्याचाही उतारा निघावा, असे हे झाले. वेबच्या रंगमानकांनी अलीकडे अशा छटेसाठी ‘नाही’ हे वेगळे मूल्य दिले आहे, पण जुना कोड अजून शून्यावरच भागवतो.

राहिला पूर्वार्ध, आणि त्याला उत्तर म्हणून सहसा अधिक शास्त्रशुद्ध प्रारूपाकडे बोट दाखवले जाते. 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने मानवी दृष्टीच्या प्रयोगांवर आधारलेले एक्सवायझेड हे प्रारूप मानक केले, आणि 1976 मध्ये त्यावरून लॅब हे प्रारूप सिद्ध केले, ज्यात दोन रंगांच्या आकड्यांमधील अंतर आणि डोळ्याला जाणवणारा फरक शक्य तितके जुळवलेले आहेत. हे प्रारूप ओळखण्याच्या बाजूचे आहे, त्यामुळे त्याचा आधार घेणे योग्य वाटते. परंतु आरजीबीमधून लॅबमध्ये जाताना ‘पांढरे म्हणजे काय’ हे सांगावे लागते, आणि कोडमध्ये ते डी65 या नावाच्या प्रमाणित दिवसप्रकाशाच्या रूपाने आधीच लिहून ठेवलेले असते. कॅमेऱ्याने पांढऱ्याविषयी जो अंदाज बांधला तो चुकलेला असेल, तर लॅबचे आकडे त्या चुकीला फक्त अधिक दशांश स्थळे देतात. शिवाय मानवी डोळ्याला समान वाटणारे अंतर भाताच्या बाबतीत काय कामाचे, हाही प्रश्न आहेच. नत्राचा संबंध हरितद्रव्याशी, आणि हरितद्रव्य लाल प्रकाश शोषते म्हणून स्पॅड नावाचा हरितद्रव्यमापक 650 नॅनोमीटरचा लाल आणि 940 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश पानातून आरपार सोडून मोजतो, तोही स्वतःच्या दिव्याने, पान चिमट्यात धरून. त्याला आभाळाची पर्वा नाही आणि डोळ्याचीही नाही. म्हणजे लॅबची जी खरी प्रतिष्ठा, तीच येथे अवांतर ठरते.

थोडे विषयांतर करून मातीकडे वळले तर याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकी चित्रकलाशिक्षकाने 1905 मध्ये रंग नोंदवण्याची जी पद्धत मांडली तीत रंगछटा, उजळपणा आणि रंगाची तीव्रता अशी तीन मापे आहेत, आणि आज नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोसारख्या संस्थांतील मृदाशास्त्रज्ञ मातीचे ढेकूळ हातात घेऊन मन्सेलच्या पुस्तकातील रंगीत चकत्यांशी ताडून पाहतात. मन्सेलने आपले प्रारूप गोळ्यात बसवण्याचा मोह आवरला. प्रत्येक छटा डोळ्याला जितकी तीव्र होऊ शकते तितकीच फांदी तिला दिली, त्यामुळे त्याचा रंगवृक्ष वेडावाकडा झाला. या वेडेपणाची किंमत कोड लिहिणाऱ्याला मोजावी लागते, कारण मन्सेलमधून आरजीबीत जाण्याचे एका ओळीचे सूत्र नाही. 1943 मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या नोंदींचे कोष्टक घेऊन दोन नोंदींच्या मधल्या जागा अंदाजाने भराव्या लागतात. सूत्र नसलेली ही पद्धत शेताच्या बांधावर टिकून राहिली, कारण चकती आणि माती एकाच उन्हात असतात.

आणि येथे मूळ प्रश्नाचे स्वरूपच बदलते. एचएसव्ही की लॅब हा वाद मिटवण्याची गरज उरत नाही. पानाशेजारी छायाचित्रात ज्ञात रंगाचे काही तरी ठेवलेले आहे की नाही, एवढेच महत्त्वाचे राहते. करड्या रंगाचे एक कार्ड, किंवा तीच प्लास्टिकची पट्टी, चौकटीत असेल तर ढगाने आणि कॅमेऱ्याने केलेली ढवळाढवळ त्या कार्डावरही झालेली असते आणि ती मोजून वजा करता येते. मात्र ही दुरुस्ती रूपांतराच्या आधी करावी लागते, आणि तीही साठवलेल्या आकड्यांवर नाही, कारण ते आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात: 255 पैकी 128 हा मधला आकडा पूर्ण प्रकाशाच्या सुमारे 22 टक्केच प्रकाश दर्शवतो. आधी हा बाक काढायचा, मग कार्डानुसार तिन्ही आकडे दुरुस्त करायचे, चकाकीचे बिंदू वगळायचे, उरलेल्यांची सरासरी काढायची, आणि अगदी शेवटी हवे ते रूपांतर करायचे. इतके केल्यावर ज्या एचएसव्हीला आतापर्यंत नावे ठेवली ते भोळे प्रारूपसुद्धा पुरेसे ठरते, आणि गुंठेवाल्यांचे म्हणणे या एका टप्प्यापुरते मान्य करावे लागते: हद्द नीट मोजली गेली असेल तर गुंठे कोणीही करावेत.

मग पट्टी हाती असताना कॅमेरा कशाला, ही शंका रास्त आहे; आजच्या निर्णयापुरती पट्टी पुरेशी आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही. पण पट्टी आठवण ठेवत नाही, आणि तिच्यावरचा उंबरठा सर्व वाणांना सारखा लागू पडत नाही. काही वाणांची पाने भरपूर नत्र असूनही फिकी असतात, म्हणून उंबरठा वाणागणिक तपासून ठरवावा लागतो. अकोले तालुका तर वाणांसाठीच ओळखला जातो: कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणांच्या जतनाबद्दल 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, आणि त्या परिसरातील बियाणे बँकांतून काळभात, आंबेमोहोर असे भाताचे देशी वाण राखले जातात. अशा वाणासाठी उंबरठा ठरवायचा तर दोन-तीन हंगाम, आवणीपासून फुलोऱ्यापर्यंत दर आठ-दहा दिवसांनी, खत दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्यांतील पानांच्या नोंदी शेवटी मळणीच्या वजनाशी ताडून पाहाव्या लागतील, आणि हे काम नजरेच्या स्मरणावर सोपवता येत नाही. त्या नोंदवहीत मात्र निर्देशांक किंवा रंगछटा लिहून भागणार नाही, कारण त्यांतून मागे जाता येत नाही. पानाचे मूळ तीन आकडे, शेजारच्या कार्डाचे तीन आकडे, वेळ, आणि पान ओले होते की कोरडे, एवढे जपून ठेवावे. रंगछटा त्यांतून कोणत्याही दिवशी, कोणत्याही प्रारूपात काढता येईल.