चौदावा गेला, पंधरावा राहिला

२००९ साली स्वित्झर्लंडमध्ये आइस हॉकीची विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली. संघ सोळा. तळाच्या दोघांनी पुढच्या वर्षी खालच्या विभागात उतरायचे, हा नियम. ऑस्ट्रिया चौदावा आला, जर्मनी पंधरावा आणि हंगेरी सोळावा. उतरावे लागले ते मात्र हंगेरीला आणि ऑस्ट्रियाला. पुढची स्पर्धा जर्मनीत होती आणि यजमानाची जागा आधीच राखून ठेवलेली होती.

यजमानाला मिळणाऱ्या फायद्याची चर्चा नेहमी प्रेक्षकांच्या आरडाओरड्यापाशी अडकते. मला त्या आरडाओरड्याबद्दल तक्रार नाही. आपली माणसे आपल्या संघासाठी ओरडणारच. आणि त्याने सामना जिंकता येतोच असेही नाही. १९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. मायदेशातल्या चार सामन्यांपैकी कॅनडाने एकच जिंकला आणि व्हँकुव्हरच्या प्रेक्षकांनी तर आपल्याच संघाची हुर्यो उडवली. मग मॉस्कोत जाऊन याच संघाने चारपैकी तीन सामने आणि मालिकाही जिंकली. विश्व अजिंक्यपदात १९८६ साली सोव्हिएत संघ मॉस्कोत जिंकला, त्यानंतर थेट २०१३ साली स्वीडन घरच्या प्रेक्षकांसमोर विजेता झाला. मधल्या काळात, २००० साली, सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियाचा नामवंतांनी भरलेला संघ अकरावा आला. घरच्या लोकांच्या अपेक्षांचे ओझेही खांद्यावर असतेच.

खेळाच्या नियमातही 'घरच्या' संघाला एक सवलत आहे. बर्फावर धावून खेळाडू मिनिटभरात दमतात, म्हणून ते सतत बदलावे लागतात. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आपले खेळाडू आधी उतरवायचे. ते पाहून घरचा प्रशिक्षक आपले उतरवतो. समोरचा सर्वांत धोकादायक आक्रमक आला असेल, तर त्याच्यावर आपला सर्वांत चिवट बचावपटू सोडायचा, हे त्याच्या हाती. पण स्पर्धेत 'घरचा' संघ प्रत्येक सामन्यापुरता कागदावर ठरतो आणि हा मान इतरांनाही मिळतो. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये बर्फाचे मैदान तीस मीटरऐवजी सुमारे सव्वीस मीटर रुंद होते, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सवयीचे. फायदा खरा, पण उघड. त्या अरुंद बर्फावर दोन्ही संघांना तेवढीच जागा होती.

जर्मनीला मिळालेली सवलत या सगळ्यांहून वेगळ्या जातीची आहे. ती बर्फावर उतरण्याआधीच मिळाली आणि तिची किंमत तिसऱ्याने मोजली. यजमानाला पंगतीत मानाचे पान जरूर मांडावे, पण त्यासाठी बसलेल्या पाहुण्याला उठवणे हा पंक्तिप्रपंच झाला.

आयोजकांची अडचण मी समजू शकतो. यजमान देशाचाच संघ नसेल तर तिकिटे कोण घेणार? २०१० चा पहिला सामना गेल्सेनकिर्खेनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये ७७,८०३ प्रेक्षकांसमोर झाला आणि जर्मनीने जादा वेळेत अमेरिकेला २-१ असे हरवले. पुढे हा संघ चौथा आला. त्यावरून कोणी म्हणेल, बघा, लायक होताच ना! हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. जर्मनीची लायकी दिसली, कारण ती दाखवायला बर्फ मिळाला. ऑस्ट्रियाला तो मिळालाच नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाचे खेळाडू नेदरलँड्समधल्या टिलबर्गला खालच्या विभागात खेळत होते. तो गट जिंकून ते वर परतले, पण खेळाडूच्या उमेदीतले एक वर्ष असे परत मिळत नाही. खालच्या विभागात गेलेल्या देशात प्रायोजक हात आखडता घेतात आणि मुलांना बर्फावर आणणेही कठीण होते.

यजमानाला वाचवायचेच असेल, तर खुशाल वाचवा, पण त्याचा भार आयोजकांनी सोसावा. त्या वर्षापुरता सतरावा संघ घ्यावा. वेळापत्रक विस्कटेल, एक गट मोठा होईल, दोनतीन दिवसांचा खर्च वाढेल. ते जमत नसेल, तर निदान पंधराव्याला आणि चौदाव्याला एका सामन्यात समोरासमोर उभे करावे आणि जिंकेल त्याने राहावे. यजमान हरला, तर त्याने आपल्याच देशात भरलेली स्पर्धा प्रेक्षकांत बसून बघावी.