नक्षीची साक्ष : लोककथा, नृत्यवेश आणि नैतिक ऋण

लोकपरंपरेतून घेतलेला वेश नृत्यरंगभूमीवर आला की त्याच्या 'अस्सलपणा'ची चर्चा सुरू होते. कापड, रंग आणि नक्षी मूळ लोकजीवनाशी जुळतात की नाही, एवढ्यावरच ती बहुधा थांबते. परंतु जुळणारी नक्षी नेहमी सत्याच्याच बाजूने साक्ष देते काय? हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नसून नैतिक आहे. द्याघिलेव यांच्या 'बॅले रूस' या मंडळीने पॅरिसमध्ये सादर केलेल्या दोन नृत्यनाट्यांच्या आधारे त्याचा विचार करता येईल.

१९१० मधील 'अग्निपक्षी'ची संहिता मुळातच सांधलेली आहे. अग्निपक्ष्याची कथा आणि अमर कोश्चेईची कथा लोकपरंपरेत वेगवेगळ्या. त्या येथे एकत्र आल्या. बहुतेक वेश अलेक्सांद्र गोलोविन यांचे होते, पण खुद्द अग्निपक्ष्याचा वेश लेऑन बाक्स्त यांनी रेखाटला. पिसे, मोत्यांच्या सरी, झिरझिरीत विजार असा हा वेश कोणत्याही रशियन खेड्यात सापडणार नाही. कथेतला पक्षी कोणी अंगावर घालीत नसतो. बाक्स्त यांची कल्पना कल्पना म्हणूनच प्रेक्षकासमोर उभी राहते.

१९१३ मधील 'वसंतविधी'ची गोष्ट निराळी आहे. वेशभूषाकार निकोलस रोरिक (पुढे कुलू खोऱ्यातील नग्गर येथे स्थायिक झाल्यामुळे आपल्या परिचयाचे) चित्रकार होते, तसेच पुरातत्त्वाचे अभ्यासकही होते. १९११ च्या उन्हाळ्यात स्त्राविन्स्की आणि त्यांनी संहितेची आखणी केली ती स्मोलेन्स्कजवळील तालाश्किनो येथे. मारिया तेनिशेवा यांनी तेथे लोककलेच्या कार्यशाळा उभारल्या होत्या. रोरिक यांच्या वेशांतील आकृतिबंध शेतकरी पोशाखाच्या जवळचे आहेत. मात्र भरतकामाऐवजी ते जाड लोकरी कापडावर छाप्याने आणि रंगाने उमटवलेले आहेत.

रशियन शेतकरी पोशाखात भरतकाम मुख्यतः गळा, बाह्यांची टोके आणि घेराची कड येथे असे. वस्त्र जेथे उघडे पडते तेथून अनिष्टाचा शिरकाव होतो, ही त्यामागील श्रद्धा. म्हणजेच ही नक्षी रक्षणासाठी होती. 'वसंतविधी'त मात्र अशाच नक्षीचे वेश ल्यालेल्या मुलींमधून एक निवडली जाते आणि मरेपर्यंत नाचते. असा कुमारिकेचा बळी देण्याच्या प्रथेला रशियन लोकजीवनाच्या नोंदींत भक्कम आधार नाही. तो विधी कल्पित, नक्षी मात्र खरी. खऱ्या नक्षीमुळेच कल्पित विधी प्रेक्षकाला खरा वाटू लागतो.

कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य नाही काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. स्वातंत्र्य आहेच, आणि रोरिक यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचेही कारण नाही. पण या नृत्यनाट्याचे उपशीर्षक त्याला मूर्तिपूजक रशियाची चित्रे म्हणते. ज्यांच्या हातांनी ही नक्षी घडत होती त्या स्त्रिया तर १९१३ मध्ये जिवंत होत्या. त्यांचा वर्तमान त्यांच्या नकळत आदिम भूतकाळ ठरला. रेघ अचूक असूनही अन्याय होऊ शकतो, तो असा. सैल कल्पनेने बाक्स्त यांनी कोणालाही साक्षीला ओढले नाही. काटेकोर अभ्यासाने रोरिक यांनी ते केले.

म्हणून 'अस्सल' या शब्दाने वेशाचे मूल्यमापन पुरे होत नाही. ही खूण मुळात कोणासाठी होती आणि येथे ती कोणाच्या बाजूने बोलते, हे विचारावे लागते. लोकतत्त्वीय समीक्षेने आकृतिबंधांची कुळे शोधली. त्यांच्या ऋणाचा हिशेबही तिनेच मांडायला हवा.

या मंडळीचे वेश आज संग्रहालयांत जपलेले आहेत. त्यांपैकी काहींच्या आतल्या बाजूस तो घालणाऱ्या नर्तकाचे नाव शाईने लिहिलेले आढळते. वेश कोणाच्या अंगाचा, याची नोंद तेवढ्याने होते. बाहेरच्या नक्षीला असे नाव नाही. आणि ती नक्षी प्रथम जिने काढली, तिने ती कोणाच्या तरी जिवाला अपाय होऊ नये म्हणून काढली होती.