आदेश आणि विवेक

लालबागच्या चाळींत १९६५ आणि १९७१ च्या ब्लॅकआऊटच्या आठवणी अजून निघतात. भोंगा वाजला की हिंदू-मुसलमान सर्वांच्या खोल्यांत अंधार सारखाच. वरच्या वैमानिकाला खालची माणसे दिसू नयेत, एवढीच आमची धडपड.

पण समोरचा दिसला तर तो वाचतो का? १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे छोटे नागरी विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन यांना दिसले. त्यांनी नियंत्रकाला विचारले. पाडण्याचा आदेश आला. आठ जण गेले. २०११ मध्ये हुसेन यांनी त्या विमानाचे वैमानिक जहांगीर इंजिनिअर यांच्या मुलीला ई-मेल लिहिली : आदेश पाळला, पण निष्पाप जीव गेल्याचे दुःख आहे. तिने कटुता न ठेवता उत्तर दिले.

दोष कुणाचा, आदेश देणाऱ्याचा की चाप ओढणाऱ्याचा? आम्हांला वाटते, आदेशाने दोष वाटला जातो, संपत नाही. संपला असता तर ४६ वर्षांनी लिहावेसे का वाटले असते?

एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. सरकारांना ते करता येते. दुःख कळवण्याची आणि ते ऐकून घेण्याची वाट मात्र आपण सामान्यांनीच उघडी ठेवायची आहे.