श्वास आणि स्वर

गवयाचे वाद्य म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर, आणि शरीर आजारी पडते. कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे त्यांना रीतसर तालीम मिळाली. तेवीस-चोविसाव्या वर्षी त्यांना क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी 1948 साली ते माळव्यातील देवासला गेले. गाण्यास सक्त मनाई होती. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, नवी औषधे आली, आजार हटला. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले.

अंथरुणावरच्या त्या वर्षांत त्यांना फक्त ऐकता येत होते. माळव्यातील बायकांची लग्नाची, ऋतूंची गाणी आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने कानांवर पडत. लोकधुनांतून राग कसा उगवतो, याचा शोध त्यांनी घेतला. त्यातून संजारी, मालवती, लगनगंधार असे ‘धुनउगम’ राग आले. 1965 साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह प्रसिद्ध झाला.

मैफलीत परतल्यावर त्यांच्या गाण्यात छोटे, टोकदार स्वरसमूह, अचानक उसळणारी तान आणि अर्थपूर्ण विराम दिसू लागले. दमसासाच्या मर्यादेने ही शैली घडवली, असे अनेकदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे. दम कमी पडल्याने गाणे आखूड होते; ते नवे होण्यासाठी मुळात प्रश्न विचारणारा स्वभाव लागतो, आणि कुमारांचा तो आजाराआधीपासूनच तसा होता.