ओठांची प्रार्थना



आमच्या नात्यातील एका घरचा सहा वर्षांचा मुलगा गेल्या जूनमध्ये एका ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी शाळेत पहिलीत दाखल झाला. शाळा चांगली, शिस्तीची. प्रवेश मिळाला म्हणून घरात आनंद होता. महिनाभराने एका संध्याकाळी तांदूळ निवडत बसलेल्या दादीने सहज विचारले, "आज शाळेत काय शिकलास, बाळा?" मुलाने हात जोडले, डोळे मिटले आणि शाळेतील सकाळची प्रार्थना एका दमात म्हणून दाखविली. शेवटी कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांना बोटांनी स्पर्श केला. पाठांतर बिनचूक झाल्याच्या समाधानाने तो शाबासकीची वाट पाहत उभा राहिला. दादीचे सूप मात्र जागच्या जागी थांबले.

रात्री वडिलांनी त्याला जवळ घेऊन समजावले, "सगळे म्हणतील तेव्हा तू नुसते ओठ हलव. मनातून काही म्हणायचे नाही." घरातील सर्वांना हा तोडगा पटला. शाळाही सुटली नाही आणि ईमानही सुरक्षित राहिले, असे वाटून सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

दीड-दोन महिन्यांनी तोच मुलगा मगरिबच्या सुन्नत नमाजसाठी वडिलांच्या शेजारी उभा राहिला. त्याचे ओठ भराभर हलत होते. सलाम फेरल्यावर वडिलांनी कौतुकाने विचारले, "फातिहा पूर्ण म्हटलीस ना?" त्याने निरागसपणे उत्तर दिले, "नाही अब्बा, नुसते ओठ हलवले."

ख्रिस्ती शाळेत पहिलीच्या वर्गात आपली मुले काय शिकतात, हा प्रश्न आपल्या बैठकांत अनेकदा निघतो. बहुधा एक बाजू म्हणते की ती तेथे धर्म गमावतात. दुसरी म्हणते की ती तेथे इंग्रजी, टापटीप आणि वक्तशीरपणा कमावतात. या मुलाने जी गोष्ट सर्वांत पक्की शिकली ती या दोन्ही यादींत नाही. अल्लाहसमोर उभे राहूनही मन अन्यत्र ठेवता येते, हे तो शिकला. आणि हा धडा त्याला शाळेने दिलेला नाही.

त्या वडिलांविषयी मला राग नाही. आपल्यापैकी किती जणांनी हाच सल्ला दिला असेल! त्यांच्या मनात कुरआनची एक आयतही असावी. सूरह नहलमध्ये ज्याच्यावर बळजबरी झाली, पण ज्याचे अंतःकरण ईमानावर स्थिर राहिले, त्याला सूट दिली आहे. भाष्यकार या संदर्भात हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांचे नाव घेतात. परंतु अम्मार (रजि.) कोणत्या अवस्थेत होते? मक्केच्या तापलेल्या वाळूत त्यांचा छळ चालू होता, त्यांच्या माता सुमय्या (रजि.) यांना शहीद करण्यात आले होते. त्या सवलतीचा आधार शाळेच्या पटांगणावर, गणवेश घालून, डबा दप्तरात ठेवून रांगेत उभ्या असलेल्या मुलासाठी घ्यावा, इतकी बळजबरी तेथे खरोखर आहे काय?

ती नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडात स्पष्ट तरतूद आहे. शासनमान्य अथवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या कोणालाही तेथील धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. अनेक ख्रिस्ती शाळांत ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो आणि त्याच वेळी इतर मुलांना मूल्यशिक्षण दिले जाते. त्या तासाला खरे बोलावे, रांग मोडू नये, डबा वाटून खावा, चूक झाल्यास क्षमा मागावी अशा गोष्टी सांगितल्या जातात. त्यांत मुसलमानाने नाकारावे असे काय आहे? राहिला तो सकाळच्या प्रार्थनेचा प्रश्न. तो दोन ओळींच्या पत्राने सुटण्यासारखा असतो. आपण ते पत्र लिहीत नाही, कारण आपल्याला भीड वाटते. प्रवेश मिळताना जे उपकार झाल्यासारखे वाटले, त्याचे दडपण मनावर असते. आपल्या या भिडेची किंमत मात्र आपण सहा वर्षांच्या मुलाकडून वसूल करतो.

अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक हदीस येथे आठवते. एका मातेने आपल्या लहानग्याला काही देते म्हणून हाक मारली. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी बसले होते. त्यांनी विचारले की त्याला काय देणार होतीस? तिने खजूर सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला बजावले की काहीच दिले नसतेस, तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. विचार करा, खेळणाऱ्या मुलाला जवळ बोलाविण्यापुरती थाप, तीही हिशेबात धरली जाते! मग दररोज सकाळी, शिक्षिकेच्या डोळ्यांदेखत, प्रार्थनेच्या वेळी करावयाची थाप मुलाला आपणच शिकवावी, याला काय म्हणावे?

मूल निर्मळ प्रकृतीवर जन्मते आणि मग त्याचे आईवडील त्याला यहुदी, ख्रिस्ती किंवा अग्निपूजक बनवितात, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ख्रिस्ती शाळांविरुद्ध बोलताना ती हमखास सांगितली जाते. सांगणाऱ्याने तिच्यातील कर्ता कोण आहे, याकडे लक्ष द्यावे. तेथे उल्लेख आईवडिलांचा आहे. बद्रच्या युद्धानंतर ज्या कैद्यांकडे खंडणी नव्हती पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेच्या मुलांना अक्षरज्ञान द्यावे आणि मोकळे व्हावे, अशी व्यवस्था झाल्याचे इतिहासग्रंथ सांगतात. ते शिक्षक मूर्तिपूजक होते. कालपरवापर्यंत रणांगणावर समोर उभे होते. तरीही मुलांना त्यांच्यासमोर पाटी घेऊन बसविण्यात आले, कारण मुले संध्याकाळी ज्या घरी परतत होती त्या घरांची खात्री होती.

आपल्या घरांची तशी खात्री आहे काय? संध्याकाळी सातपासून नऊपर्यंत आई गृहपाठात गुंतलेली असते. स्पेलिंग, बेरजा, कायद्याने सक्तीचे झालेले मराठी, चिकटवहीतील चित्रे. मौलवीसाहेब येतात ते वीस मिनिटे, कायदा उघडून अक्षरे घोटून घेतात आणि जातात. अर्थाला वेळच नाही. अशा घरातील मुलाला शाळेत ईसा (अ.) यांची गोष्ट रंगीत चित्रांसह ऐकायला मिळते आणि घरी त्यांच्याविषयी चकार शब्द ऐकू येत नाही. मग ईसा (अ.) 'त्यांचे' आहेत, आपले नव्हेत, असे त्याला वाटल्यास नवल ते कोणते?

वास्तविक पहिलीच्या त्या वर्गातील निम्म्या गोष्टी आपल्याच आहेत. हत्ती-जिराफांनी भरलेली ती नौका नूह (अ.) यांची. टोपलीतून नदीत सोडलेले ते बाळ म्हणजे मूसा (अ.). माशाच्या पोटातील युनुस (अ.) आणि भावांनी विहिरीत टाकलेले यूसुफ (अ.), हेही आपलेच. डिसेंबरात मुलगा पुठ्ठा आणि गवत घेऊन येईल, गव्हाणी करायची म्हणेल. त्या वेळी कपाळाला आठ्या घालण्याऐवजी त्याला जवळ बसवा आणि सूरह मरयम ऐकवा. ज्या एकमेव स्त्रीचे नाव कुरआनने घेतले आहे, त्या मरयम (अ.) एकट्या, प्रसूतिवेदनांनी व्याकूळ, खजुराच्या बुंध्याशी आल्या. त्यांच्या पायाखालून झरा वाहू लागला, बुंधा हलविताच ताजे खजूर पडले आणि पुढे पाळण्यातील बाळ बोलले की मी अल्लाहचा दास आहे. हीच ती सूरह, जिच्या आयती हबशच्या दरबारात जाफर (रजि.) यांनी ख्रिस्ती राजा नज्जाशीसमोर पठण केल्या आणि त्याचे डोळे भरून आले. राजाने ईसांविषयी (अ.) विचारले तेव्हा निर्वासित म्हणून आलेल्या, आश्रयाची नितांत गरज असलेल्या जाफर (रजि.) यांनी ओठ हलवून वेळ निभावली नाही. जे मानत होते ते, अदब राखून, स्पष्ट सांगितले.

ही अदबही शिकवावी लागते. शाळेच्या प्रार्थनेत आजच्या भाकरीची याचना आहे, क्षमेची याचना आहे. त्या मागण्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. इतरांच्या आराध्यांना अपशब्द बोलू नयेत, ही कुरआनचीच ताकीद आहे. मुलाला इतकेच सांगावे की ते अल्लाहला पिता म्हणतात, आपण रब म्हणतो. त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही. त्याची शिक्षिका प्रेमळ आहे हेही खरे आणि तिची प्रार्थना आपली नव्हे हेही खरे. सहा वर्षांच्या मुलाला ही दोन सत्ये एकत्र पेलतात. पेलत नाहीत ती आपल्याला.

कोणी म्हणेल, एकटे मूल गप्प उभे राहिले तर इतर मुले चिडवतील. चिडवतील, शक्य आहे. तो त्रास खराच आहे आणि मी तो लहान मानत नाही. म्हणूनच पत्र शाळा सुरू होण्यापूर्वी जावे, म्हणजे शिक्षिका पहिल्या दिवसापासून सांभाळून घेते. आणि जाता जाता एक प्रश्न आपल्या शिक्षणसंस्थांना. आपल्या शाळांतही बिगरमुस्लिम मुले येतात. सकाळी तिलावत होते तेव्हा ती काय करतात, त्यांच्या पालकांना आपण कधी विचारले आहे काय? अनुच्छेद 28 त्यांच्याही मुलांसाठी आहे.

सात वर्षांचे झाल्यावर मुलांना नमाजची ताकीद द्या, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पहिलीचे वर्ष बहुधा त्याच्या आदले वर्ष असते.

त्या वडिलांनी अखेर दिवाळीच्या सुट्टीनंतर पत्र लिहिले आणि ते स्वतः मुख्याध्यापिकेच्या हाती दिले. वृद्ध सिस्टरने चष्मा लावून ते वाचले, फाइलला लावले आणि म्हणाल्या, "तो शांत उभा राहील, एवढेच ना? राहू द्या." मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "पण हे तुम्ही जूनमध्येच का नाही सांगितले?"